हत्तीचा पाऊस, उघडा सडा आणि बावीस माणसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका सोसायटीतली २२ माणसं सप्टेंबरअखेरच्या रविवारी कोकणात केळशीच्या बाजूने सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या कातळपठारावर चढून, आडे आणि पाडले ही गावं करत, आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीपाशी पोचणार आहेत. सोळा-सतरा किलोमीटर. सगळ्यात लहान नऊ वर्षांची मुलगी, सगळ्यात मोठे ६७ वर्षांचे काका. विचारणाऱ्यांनी शेवटी लिहिलंय, "सह्याद्रीतले पाच-सहा किल्ले केलेले आहेत, हे त्यामानाने टेकाडच. पण हवा घडीत ऊन घडीत पाऊस अशी आहे म्हणतात. काय काळजी घ्यावी? निघावं की पुढे ढकलावं?"

जावं. मात्र सकाळी साडेसहाला चालायला लागलेलं असावं, आणि सोळाचे दहा किलोमीटर करावेत. आड्याला किंवा पाडल्याला संपवा, तिथून गाडीने आंजर्लं गाठा. गणपती कुठे जात नाही.

"टेकाड" हा शब्द मला खटकला, म्हणून एवढं लांबण लावते आहे. तेवीस वर्षं मी या पट्ट्यात माणसांना चालवते. दरीत कोसळून कुणाला इजा झालेली मी इथे पाहिलेली नाही. इथे माणूस शेवाळलेल्या जांभ्यावर घसरतो, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, चुकीच्या बाजूला अडकतो, नाहीतर उघड्या सड्यावर विजेत सापडतो. उंची कमी म्हणून मंडळी उशिरा निघतात, नाश्त्याला मिसळ खाऊन नऊला निघतात, आणि दुपारी दोनला जिथे असू नये नेमकी तिथे असतात.

आधी पावसाचं सांगते, कारण किल्ल्यांवरचा अनुभव इथे थोडा फसवतो.

जून ते ऑगस्ट पाऊस समुद्राकडून येतो. सड्याच्या कडेला उभं राहिलं की येताना दिसतो. आधी क्षितिजाची रेघ पुसट होते, मग पाण्यावरून करडा पडदा पुढे सरकतो. दहा-पंधरा मिनिटं हातात मिळतात. सामान झाका, मोबाईल पिशवीत घाला, चालत राहा. भिजण्यापलीकडे फारसं काही होत नाही.

२७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त नक्षत्र लागतं, आमच्याकडे त्याला हत्ती म्हणतात. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर धरली जाते, म्हणजे तुम्ही नेमके निरोपाच्या दिवसांत येताय. या दिवसांत पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, वाहते, आभाळ धुतल्यासारखं असतं. दहानंतर कातळ तापतो. बाराच्या पुढे घाटमाथ्यावर फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखे ढग फुगायला लागतात. वरचा वारा आता पूर्वेकडून असतो, त्यामुळे तेच ढग दुपारी दोन-तीननंतर किनाऱ्याकडे उतरतात, गडगडत. थोडक्यात पाऊस पाठीमागून येतो. तुमची तोंडं समुद्राकडे, समुद्र निळाशार, सगळे फोटो काढतायत, आणि मागे काळं होत चाललंय.

हे मी स्वतः केलंय. ऑक्टोबरची सुरुवात होती, एकोणीस जण होतो. दुपारचे पावणेदोन. समोर इतकं लख्ख होतं की एकाने गॉगल काढून माझ्याकडे दिला, पुसायला कापड मागत. त्या काचेत मला माझ्या मागचं आभाळ दिसलं, शिसवी रंगाचं. वळून बघेतो पहिली वीज चमकली. मी मनात आकडे मोजले, अकराला गडगडलं. आवाज एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद घेतो, म्हणजे जेमतेम साडेतीन-चार किलोमीटर. आणि आम्ही आडव्या पसरलेल्या कातळावर, जिथे कमरेएवढ्या करवंदीच्या जाळीपेक्षा उंच वस्तू म्हणजे आम्हीच. वाडीकडे उतरणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, मला ठाऊक होती म्हणून निभावलं. छत्र्या मिटायला लावल्या, वीस-वीस पावलांचं अंतर ठेवून सगळ्यांना खाली पिटाळलं. पहिल्या घराच्या पडवीत एकोणीस माणसं दाटीवाटीने उभी. घरातल्या आजींनी चहा टाकला आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "हत्तीच्या पावसात दुपारचा सड्यावर कोण जातं गो?" तेवीस वर्षांत मला मिळालेला हा सगळ्यात रास्त शेरा.

तेव्हापासूनचा माझा नियम असा आहे की हस्तात एक वाजता शेवटचा माणूस सड्यावरून खाली असला पाहिजे. बाकीची सगळी आखणी या एका वेळेपासून उलटी करत न्यायची.

तो हिशोब करून बघा. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला एक ठोकताळा आहे, पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तुमच्या वाटेवर डोंगर बुटके असले तरी दर गावाला उतरायचं आणि पुन्हा चढायचं असतं, एकूण चढ पाचशे मीटर धरू. सोळा किलोमीटरचे सव्वातीन तास, चढाची पन्नास मिनिटं, झाले चार तास. पण हा हिशोब एकट्या धडधाकट माणसाचा. बावीस जणांना मी नेहमी दीडपट धरते, वर खाण्याबसण्याचा एक तास. सात तास. साडेसहाला निघालात तरी दीड वाजतो, आणि कुणाचा बूट चावला, कुणाला मळमळलं, हे अजून मोजलेलंच नाही. दहा किलोमीटरला मात्र साडेअकरा-बारापर्यंत आरामात उतरता. म्हणून दहा.

अंदाज कुठे बघायचा? हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा तर बघाच, पण तो वाचायचा कसा हे समजून घ्या. रत्नागिरीला यलो म्हटलं की मंडणगडापासून राजापूरपर्यंत सगळ्यांना यलो. "जोरदार" म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर, "अतिजोरदार" म्हणजे ११५.६ च्या वर. हा आकडा अख्ख्या दिवसाचा आहे. सत्तर मिलिमीटर दिवसभर झिमझिमत पडला तर तुम्ही गाणी म्हणत चालाल, तोच तासाभरात पडला तर पऱ्या ओलांडता येणार नाही, आणि इशाऱ्यात दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून आदल्या दिवशी इशारा बघायचा, आणि चालायच्या दिवशी दर तीन तासांचा तत्काळ अंदाज. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं "दामिनी" ॲप प्रत्येक पुढारी माणसाच्या फोनवर असू दे. रेंज मात्र सड्यावर असते आणि खोऱ्यात जाते, त्यामुळे खाली उतरण्याआधी वरच बघून घ्यायचं. ऑरेंज किंवा रेड असेल तर चर्चाच नको. तो निर्णय शनिवारी रात्री आठला, जेवणाआधी, दोन माणसांनी घ्यायचा. बावीस माणसांच्या व्हॉट्सॲप गटावर मतदान घेतलंत तर उत्साहाचाच विजय होतो.

माझा खरा भरवसा वाडीतल्या फोनवर. मुक्कामाच्या घरमालकांना विचारून सड्याकाठच्या वाडीतल्या एखाद्याचा नंबर मिळवा. आणि प्रश्न नीट विचारा. "वाट चालू आहे ना? जाता येईल ना?" असं विचारलंत तर आमचा कोकणी माणूस पाहुण्याचं मन मोडायला नको म्हणून "हो, जाल की" म्हणणार. त्याच्या लेखी ती वाट चालूच असते, तो त्या पाण्यातून डोक्यावर गवताचा भारा घेऊन जातो. विचारायचं असं: "आज गुरं पलीकडे नेलीत का?" नेली असतील तर पऱ्याला पाणी बेताचं आहे. "नाय, आज गोठ्यातच" असं उत्तर आलं तर तुमचीही वाट बंद.

पऱ्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण या किनाऱ्यावर मोठ्या नदीपेक्षा या चिमुकल्या ओढ्यांनी लोकांना जास्त फसवलंय. सडा म्हणजे वरून नुसता कातळ. पावसाळाभर पाणी पिऊन तो तुडुंब झालेला असतो, सप्टेंबरात त्यावर पडलेला थेंब मुरत नाही, सरळ धावत सुटतो. तुमच्या डोक्यावर ऊन असलं आणि दोन किलोमीटर वर सर कोसळली, तरी अर्ध्या तासात तुमच्या पायाशी पाणी वाढतं. आधी रंग बदलतो, नितळ पाणी विटकरी होतं. मग काटक्या-पाला वाहत येतो. मग आवाज जाड होतो, खळखळीचा घरघराट होतो. तिन्हीतलं एक जरी दिसलं तरी पाण्यात असलेल्याने बाहेर यायचं, जवळच्या काठावर, मग तो कुठलाही असो.

प्रौढाच्या गुडघ्याच्या वर पाणी असेल आणि तळ दिसत नसेल तर ओलांडायचं नाही. नऊ वर्षांच्या मुलीचा गुडघा कुठे येतो ते लक्षात घ्या. दोर बांधून साखळी करून जायची कल्पना कुणीतरी काढतंच, ती मोडून काढा. एक घसरला की दोर सगळ्यांना ओढतो. सॅकचा कंबरपट्टा सोडून ठेवायचा, म्हणजे वेळ आली तर सॅक टाकता येते. साकव, म्हणजे लाकडी पूल, असेल तर एकेकानेच जायचं, कारण पावसाळ्याच्या शेवटी त्याची लाकडं कुजकी असू शकतात. सगळ्यात सोपा उपाय कुणालाच आवडत नाही, तो म्हणजे बसून राहणं. हे ओढे जितक्या घाईने चढतात तितक्याच घाईने उतरतात. पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांत पाणी पुन्हा घोट्याला येतं. मी एकदा दीड तास बसवून ठेवलं तर एक गृहस्थ माझ्यावर रुसून परत जाताना बसमध्येसुद्धा बोलले नाहीत. चालतं.

पऱ्या समुद्राला मिळतो तिथे, पुळणीवरून म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरून, ओलांडायचा असेल तर भरती बघा. भरतीचं पाणी ओढ्याला तुंबवून धरतं. इथे जुनं गणित उपयोगी पडतं: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि त्यापुढे-मागे सहा तासांनी ओहोटी. पाऊण-एक तासाचा फरक पडतो, पण कालनिर्णय भिंतीवर असेल तर एवढं पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा किनाऱ्याकडेच्या वाटा सोडून वरूनच चाला.

आता माणसं. बावीस जणांची रांग सैल सोडली तर अर्धा किलोमीटर लांबते. पुढे वाट माहीत असलेला, सगळ्यात मागे तुमच्यातला सगळ्यात अनुभवी आणि सगळ्यात कमी चिडणारा. लोक उलट करतात, हिरो पुढे पळतो आणि शेवटी ज्याला कुणी विचारत नाही तो असतो. काकांना आणि त्या मुलीला पुढच्या माणसाच्या लगेच मागे ठेवा, म्हणजे वेग आपोआप त्यांचा होतो. थांबे कसे घेता तेही बघा. पुढचे दहा मिनिटं आधी पोचून बसतात, मागचे धापा टाकत आले की हे उठतात, "चला, झाली विश्रांती." ज्याला गरज होती त्याला एक मिनिटही मिळत नाही. थांबा शेवटचा माणूस बसल्यापासून मोजायचा.

सड्यावर वाट अशी नसतेच. ढोरवाटा असतात, आणि प्रत्येक ढोरवाट कुणाच्या तरी गोठ्याकडे जाते. धुकट सर आली की वीस पावलांवरचं दिसत नाही. म्हणून प्रत्येक फाट्यावर एक माणूस उभा राहतो आणि शेवटचा पुढे गेल्याशिवाय हलत नाही. डोकी दर थांब्याला मोजायची, मोजणारा एकच. दोघे मोजतात तिथे एकदा बावीस आणि एकदा तेवीस भरतात. नकाशा फोनवर आधीच उतरवून घ्या. उपग्रहाच्या चित्रात सडा, बागा आणि वाड्या स्वच्छ ओळखू येतात. त्यावर दर दोन-तीन किलोमीटरला वाडीत उतरणारी पाखाडी शोधून खूण करून ठेवा. किनारी कोकणाचा हाच मोठा फायदा आहे, घाटावर जशी एकदा चढलं की सुटका नाही तसं इथे नाही. कुठूनही अर्ध्या-पाऊण तासात रस्त्याला लागता येतं, फक्त कुठून ते आधी ठाऊक हवं. टेम्पोवाल्याला सांगून ठेवा की दिवसभर याच रस्त्यावर राहा.

पायात काय घालावं याचा वाद मी आता करत नाही. ओल्या, शेवाळलेल्या जांभ्यावर महागातले बूटही घसरतात. पाखाडीच्या पायऱ्यांच्या मधोमध पाऊल टाका, जिथे रोजच्या वापराने शेवाळ झिजलेलं असतं. कडेची हिरवी मखमल दिसायला छान, पण तीच पाडते. उतारावर पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले, हात मोकळे. जीन्स नको, ओली झाली की वाळत नाही आणि मांड्या सोलवटतात. छत्री सड्यावरच्या वाऱ्यात उलटी होते, पण उन्हात तिच्यासारखं काही नाही, म्हणून मी दोन्ही नेते, छत्री आणि रेनकोट. वाडीतली जुनी माणसं इरलं घेऊन दिवसभर वाकून लावणी करायची; त्याच्या जवळपास पोचणारा रेनकोट अजून माझ्या बघण्यात नाही. एक कोरडा शर्ट मात्र प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून प्रत्येकाकडे असू द्या.

ऊनही कमी लेखू नका. ढगाळ असलं की तहान लागत नाही, घाम मात्र दमट हवेत वाहतच असतो. प्रौढाला दोन लिटर पाणी, आणि मीठ-साखर घातलेलं लिंबू किंवा कोकम सरबत. पायात गोळे येणं, डोकं जड होणं, उगाच चिडचिड, यातलं काही दिसलं की सावलीत बसवा, पाजा आणि पुढच्या पाखाडीने खाली पाठवा. जिद्दीचं कौतुक नको.

फुरसं, हा विषारी साप. कातळावर, दगडाखाली, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फटीत ते असतं, वीतभर ते हातभर, मातकट रंगाचं. बघितल्याशिवाय दगडावर बसू नका, गडगा ओलांडताना वर हात टेकू नका, आडोशाला जाताना काठी आपटत जा. चावलंच तर चिरा देणं, आवळून बांधणं, चोखणं यातलं काहीही करायचं नाही. चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा आधार देऊन, माणसाला न चालवता, उचलून रस्त्यावर आणायचं आणि १०८ ला फोन. प्रतिविष सरकारी रुग्णालयात मिळतं. दापोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे. साप मारून बरोबर न्यायच्या फंदात पडू नका. त्याच्यामागे धावताना दुसऱ्याला चावल्याचं मी ऐकलंय.

वीज जवळ आली आणि उतरता आलं नाही तर? खरं तर चमक आणि गडगडाट यात तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर झालं की लगेच उतरायला लागायचं. पक्कं घर किंवा बंद गाडी सगळ्यात बरी. एकट्या आंब्याखाली जायचं नाही. काहीच नसेल तर खोलगट जागी, पाय जुळवून उकिडवं बसायचं, एकमेकांपासून लांब. आडवं पडायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं, ऊन पडलं तरी.

राहता राहिलं जेवण. तुमच्या बेतात "दीडला आंजर्ल्यात उकडीचे मोदक" असं लिहिलंय. एकदा बावीस ताटं सांगितली की ती माणसांना ओढायला लागतात. पऱ्याला पाणी आहे, पण मोदक गार होतायत. घरमालकीणबाईंना आधीच सांगा की वेळ अकरा ते तीनमध्ये कधीही होईल आणि बेत रद्द झाला तर शनिवारी रात्री आठला कळवू, त्या तयारीला लागायच्या आत. त्या समजून घेतात, त्यांची हयात या पावसात गेलीय.

आणि बागांमधून जाताना वाटेत बांबूची बेडी, म्हणजे आडव्या काठ्यांची फाटकं, लागतील. कलमांचं राहू द्या, पण खाली भात या दिवसांत पोटरीतून बाहेर पडून पिवळं व्हायला लागलेलं असतं आणि गुरांचा डोळा त्यावरच असतो. शेवटच्या माणसाला सांगून ठेवा, प्रत्येक बेडं लावून यायचं.